आडवी दोरी

“थांबा काका! तिथं बसायचं नसतं!” शालन तरातरा आली, तसे खुर्चीवर टेकू पाहणारे काका गुडघा धरून अर्धवट वाकलेलेच राहिले.

याच काकांनी आपल्या कारखान्यात तिची पहिली खुर्ची लाथेनं उडवली होती. “खुर्ची करायला सांगितली, तर मोर काढत बसली! यावर कुणीसुद्धा बसणार नाही,” असं म्हणून त्यांनी ती फोडली आणि लाकूड चिकटवायचा सरस वितळवायच्या चुलीत घातली. पिसाऱ्याची पाठ सगळ्यात शेवटी जळली.

आज तिच्या खुर्च्या बघायला कलादालनात अख्खं शहर लोटलं होतं.

“तुमच्या दुकानातलं फर्निचर नाही हे. कला आहे,” ती चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “लांबून बघायचं आणि पुढं सरकायचं.” एवढ्यावर तिचं समाधान होईना. तिनं दोरी मागवली आणि स्वतःच्या हातानं एकेका खुर्चीला आडवी बांधत सुटली.

शेवटची गाठ बसेपर्यंत काका काठीवर रेलून बघत होते. मग ते मिशीत हसले.

“यावर कुणी बसणार नाही, हेच म्हणालो होतो ना मी? तेव्हा रडली होतीस.”