चेष्टा

चार गावांचे चार नावाजलेले कलाकार एकत्र आले आणि त्यांनी पहिलाच अल्बम काढला. त्यात ख्यालाच्या मागे कारखान्याचा भोंगा होता, मधेच दोन मिनिटं नुसती शांतता. देवासला गाणं शिकवणाऱ्या चिंतामणरावांनी नऊपैकी दोन तुकडे कसेबसे ऐकले, वैतागून बंद केले आणि पुण्याच्या मासिकाला परीक्षण धाडलं. शेवटच्या वाक्यावर ते स्वतःच खूष होते : 'ही संगीताची निव्वळ चेष्टा आहे.'

चौघांत गाणारी वैभवी देवासचीच, त्यांच्या हाताखाली शिकलेली. अंक आल्यावर चौथ्या दिवशी ती दारात उभी राहिली. हातात पेढे.

"गुरुजी, बाकी सगळ्यांनी आम्हाला धुवून काढलं. आम्ही किती चेष्टा केलीय, ते तुम्हीच एकट्यांनी ओळखलं!" तिने वाकून पाय धरले. "मराठी वाचायला मला टाइम लागतो ना, पण अक्षर लावून लावून पुरा लेख वाचला. तीन दिवस लागले."

वैभवीची शाळा हिंदी. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. हे चिंतामणरावांच्या ध्यानात आलं तेव्हा पेढा तोंडात होता. तो त्यांनी घाईघाईने गिळला.

"पोरी, अगं, मी ते सगळं ऐकलंच..."

"तुम्ही काही बोलू नका, गुरुजी," वैभवीचे डोळे भरून आले. "ही तर तुमचीच शिक्षा आहे."

हा शब्द मात्र चिंतामणरावांनी मराठीतच ऐकला.