हुद्दे वगळून

"एकच जागा राहणार आहे, सर," संचालिका म्हणाल्या. "तुमची किंवा कप्तानांची. त्यामुळे मला असं..."

"उशीर झाला," प्राध्यापक म्हणाले. "हा प्रश्न कप्तानांना नेमलं त्याच दिवशी पडायला हवा होता."

विद्यापीठाच्या नेतृत्व अध्ययन केंद्रात प्राध्यापकांची हयात गेली होती. सत्ता आणि आज्ञापालन या विषयावर त्यांचे दोन जाडजूड ग्रंथ होते. ते स्वखुशीनं वाचणारी माणसं मोजकी होती, आणि प्राध्यापक ही गोष्ट ग्रंथांच्या थोरवीचा पुरावा मानत. अभ्यासक्रमात त्यांव्यतिरिक्त काही लावण्याची गरज त्यांना भासली नव्हती.

शेजारच्या खोलीतला कप्तान मालवाहू जहाजावरून निवृत्त होऊन आलेला. संकटकाळातले निर्णय कसे घ्यावेत, हे तो शिकवायचा. पृथ्वीला वळसे घातले की पृथ्वीवरचं ज्ञान आपोआप अंगात मुरतं, अशी केंद्राची समजूत असावी. त्याच्या कपाटात पानं फुगलेली, कडा तांबूस पडलेली पुस्तकं खच्चून भरली होती. प्राध्यापकांच्या मते ती रद्दीवाल्याकडून शोभेसाठी आणलेली.

कार्यकारिणीनं एक पद कमी केलं, तेव्हा निवडीच्या रीतीवर तोफ डागली ती प्राध्यापकांनीच. कप्तानाच्या गणवेशातल्या छायाचित्रानं डोळे दिपलेल्या समितीला त्यांनी भर सभेत सुनावलं होतं. पदव्या, हुद्दे, पराक्रम, सगळं वगळा. ज्यांनी बरोबर काम केलं त्यांना विचारा. मग जो निव्वळ माणूस उरेल, तो तोला.

संचालिकांनी ते शब्दशः मानलं. विद्यार्थी, सहायक, जुने सहकारी यांच्याशी बोलून त्यांनी दोघांची वर्णनं तयार केली, 'अ' आणि 'ब'. दोन्ही वर्णनं दोघांनाही ऐकवायची आणि कोणाला ठेवावं ते विचारायचं. मतं जुळली नाहीत, तर निर्णय संचालिकांचा.

चहा घेऊन आलेल्या शिपायाला प्राध्यापकांनी बोटानं खिडकी दाखवली. त्यानं ती लावून घेतली.

"वाचते," संचालिका म्हणाल्या. एके काळी त्या प्राध्यापकांच्या वर्गात मागच्या बाकावर बसत. "'अ'. या व्यक्तीची बरीच वर्षं एकांतात गेली. वाचन अफाट, पण त्याचा... त्याचा गाजावाजा नाही."

"वर्गातही अशाच अडखळायच्या तुम्ही."

"हो, सर. आठवतं मला." त्यांचा आवाज बदलला नाही. "बोलणं कमी. चूक झाली तर ती आपल्या अंगावर घेणार, काम फत्ते झालं तर हाताखालच्याचं नाव पुढे करणार."

प्राध्यापकांनी डोळे मिटले. जुन्या दप्तरखान्यांतल्या थंडगार खोल्या, कसर लागलेली बाडं, दिवसचे दिवस कोणाशी एक शब्दही नाही. कोणाच्या तरी ध्यानात आलं होतं तर.

"पुढे."

"'ब'. बुद्धी तीक्ष्ण, पण ती खर्च होते समोरच्याला लहान करण्यात. विनंती करणं ठाऊक नाही, हुकूम ठाऊक. ही व्यक्ती आली की खोलीतली बोलणी थांबतात. हाताखाली कोणी टिकलेलं नाही. आणि विद्यार्थी सांगतात, की..."

"पुरे. ओळख पटली."

"एवढं एक वाक्य राहिलंय, सर."

"माणसं वाचणं हा माझा व्यवसाय आहे, बाई. लिहून घ्या. 'ब' ला आजच्या आज मोकळं करा. असा मनुष्य शिकवत नाही, शिकवण्याचा फक्त आवाज करतो. त्याच्या वयाचा मुलाहिजा नको, निरोपसमारंभही नको. त्याला दया दाखवणं म्हणजे त्यानं ज्यांना तुडवलं त्यांच्यावर अन्याय."

संचालिकांनी लेखणी थांबवली. "एवढं कडक लिहू?"

"यातला एक शब्दही गाळू नका."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि लिहून झाल्यावर त्यांनी सही करायला कागद पुढे सरकवला. प्राध्यापकांनी झोकदार सही केली.

बाहेर बाकावर कप्तान बसला होता. प्राध्यापकांना बघून उठून उभा राहिला.

"माझं सकाळीच झालं, सर. मी 'ब' ला ठेवा म्हटलं."

"वाटलंच होतं."

"कडू आहे, मान्य. पण या वयात जाणार कुठे, सर? मी तर म्हटलं, केंद्राला तेवढं सोसता यायला हवं."

स्वतःचीच शिफारस, आणि वर करुणेची फोडणी. प्राध्यापकांनी बऱ्याच बेशरम माणसांवर लिहिलं होतं. यानं सगळ्यांवर कडी केली होती. ते तसेच पुढे गेले.

घरी पत्नीनं पाण्याचा पेला हातात देत विचारलं, "अहो, काय ठरलं? मला बाई दिवसभर..."

"गेला तो," प्राध्यापक म्हणाले. "मीच घालवला."

त्या रात्री त्यांना कित्येक महिन्यांनी गाढ झोप लागली.

सकाळी ते खोलीत टिपणं काढत असताना शिपाई रिकामी खोकी घेऊन दारात आला.

"पलीकडच्या खोलीत," मान वर न करता ते म्हणाले.

शिपाई हलला नाही. त्याच्या मागून संचालिका आत आल्या. हातात प्राध्यापकांनी काल सही केलेला कागद होता.

"तुमच्या मतातला एक शब्दही गाळलेला नाही, सर," त्या म्हणाल्या. "तुम्ही मात्र 'ब' चं एक वाक्य गाळायला लावलंत. ते ऐकून घ्या. 'विद्यार्थी सांगतात, की ही व्यक्ती स्वतःच्या दोन ग्रंथांपलीकडे आम्हांला काही वाचू देत नाही.'"