शेडमागची हवा

“आजपासून या गावाच्या हवेत काहीही लपून राहणार नाही!” परसातल्या कुंपणाशी बसवलेल्या यंत्रावर हात ठेवून नोएलीनने जाहीर केलं. टाळ्या वाजवायला तिचा नवरा क्लाइव्ह एकटाच होता. दोन टाळ्यांतच त्याला धाप लागली.

कुंपणापलीकडे जुन्या गॅस कारखान्याची विषारी माती उपसणं चाललं होतं. क्लाइव्ह त्याच कारखान्यातून निम्मी छाती तिथेच ठेवून निवृत्त झालेला. उरलेली निम्मी टिकावी म्हणून नोएलीनने गावाच्या सभेत भांडून हे यंत्र आणलं होतं. हवा चांगली तर दिवा हिरवा. बिघडली की लाल. लाल झाला की पलीकडचं काम बंद, आणि बातमी त्याच क्षणी गावातल्या प्रत्येक फोनवर.

पण यंत्र आलं आणि तिची झोप गेली. चहा ओततानाही एक डोळा दिव्यावर. खिडकी उघड, खिडकी लाव.

“अगं, बस ना जरा,” क्लाइव्ह म्हणायचा. “तुझ्याच येरझाऱ्यांनी धूळ उडतेय.”

गुरुवारी दुपारी दिवा लाल झाला. भोंगा वाजला. खोदयंत्रं माना वर करून थांबली. नोएलीन बैठकीत धावली, तर क्लाइव्हची खुर्ची रिकामी.

“क्लाइव्ह! अरे, आत ये! विष आहे बाहेर!”

हवा मोजणारी मिस ट्रॅन मास्क चढवत पलीकडून पळत आली. दोघी यंत्रापाशी पोचल्या. तिथेच, शेडच्या आडोशाला, क्लाइव्ह उभा होता. बोटांत सिगारेट. डॉक्टरांसमोर शपथ घेऊन सोडलेली.

“वारा कारखान्याकडून नाही, हे बघूनच आलो,” तो म्हणाला. “काळजी घेतो मी छातीची.”

नोएलीनने सिगारेट हिसकावून बादलीत बुडवली. हळूहळू दिवा हिरवा झाला. क्लाइव्ह खोकतच होता.

“फोनवर कारण टाकावं लागतं, नोएलीन,” मिस ट्रॅन म्हणाली. “काय टाकू?”

कुंपणावरून कामगारांची पिवळी हेल्मेटं डोकावत होती. नोएलीनने यंत्राकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे.

“परसात बार्बेक्यू पेटवला होता, असं टाक,” ती आवाज खाली आणून म्हणाली. “फक्त सॉसेज करपली म्हणू नकोस हं, पोरी. माझ्या हातची करपत नाहीत.”