पंचांचा मुलगा

लुईस बेटावर रविवारी कोणी बोट धक्क्याला लावत नाही. शनिवारी समुद्रात फिनलेला वाऱ्याने गाठलं आणि धक्क्याबाहेरच्या खडकांपाशी पोचेपर्यंत रविवार उजाडला. मग तिथेच नांगर टाकून तो सोमवारची वाट बघत बसला. चर्चच्या पंचांचा मुलगा होता तो, दुसरं काय करणार?

दुपारी वारा फिरला. नांगर धरेना, बोट खडकांकडे सरकू लागली.

"अहो, बोलवा त्याला आत," खिडकीतून बघणारी पेगी नवऱ्याला म्हणाली.

"आज प्रभूचा दिवस आहे," टॉर्मड म्हणाला. "रविवारी बोट लावली म्हणून मर्डोला मीच चर्चच्या मंडळीतून काढलं. आता घरच्याला वेगळा नियम?"

"मर्डोच्या बाबतीतही चुकलंच तुमचं. प्रभू काय वर पहारा देत बसलाय? पोर जाईल हो माझं!"

तेवढ्यात एका लाटेखाली बोट दिसेनाशी झाली. ती पुन्हा वर येईस्तोवर टॉर्मड अनवाणीच धक्क्यावर पोचला होता. दोन्ही हात वर करून, हलवून हलवून तो ओरडत होता, "ये, बाळा, आत ये! देव काही म्हणणार नाही, ये!"

वाऱ्यात शब्द पोचत नव्हते, नुसते हात दिसत होते. आणि बापाचे हात मनाई करायलाच वर होतात, एवढंच पोराला आजवर ठाऊक होतं.

समजलं, अशा अर्थी फिनलेने टोपी काढून हलवली, नांगर उचलला आणि बोटीचं तोंड भर समुद्राकडे वळवलं.