भांडा बघू जरा

"लागतायत की," वायरमन म्हणाला.

घरगाडीतले सगळे दिवे लख्ख लागले होते. पंखा गरगरत होता, नळ सोडला की पंप घुरघुरत होता, इवलासा फ्रिजसुद्धा शहाण्या पोरासारखा गार पडला होता. दुखणं डॉक्टरच्या दारात पळून जातं, तसं या गाडीचं वायरमनला बघून पळत होतं.

"तुम्ही आलात की लागतात," चष्मेवाले काका म्हणाले. जन्मभर चालवलेलं चष्म्याचं दुकान विकून त्यांनी ही चाकांवरची खोली घेतली होती. "तुमची पाठ वळली की जातात."

"मग मला दत्तक घ्या."

काकू हसल्या नाहीत. त्यांची बॅग भरून दाराशी तयार होती. "आज नीट झाले तर ठीक. नाहीतर शेवटच्या बसनं मी भावाकडे चालले. यांना फिरू दे अंधारात, कुठं फिरायचं तिथं."

काकांनी ती बॅग पायानं हळूच दारापासून जरा आत सरकवली.

वायरमनचं डोकं केव्हाच आउट झालं होतं. पहिल्या खेपेला त्यानं फ्यूज बदलले. दुसऱ्या खेपेला दाराजवळचं मेन बटण काढून नवं टाकलं, चांगलं दणकट, शेजारच्या गाडीत ऐकू जाईल असं खट्ट वाजणारं. बॅटरी तपासावी तर पैलवानासारखी ठणठणीत. आता बदलायचे फक्त काका आणि काकू उरले होते.

तो खाली फतकल मारून बसला. "नीट आठवून सांगा. दिवे जातात तेव्हा तुम्ही काय करत असता?"

काका चष्मा पुसायला लागले. काकूंनी पडदा सारखा केला. तो सारखाच होता.

"बोलत असतो," काका म्हणाले.

"बोलण्यानं दिवे जात नाहीत हो काका. जात असते तर आमच्या घरी मेणबत्त्या पुरल्या नसत्या."

"जोरात बोलत असतो," काकू म्हणाल्या.

वायरमनच्या डोक्यात एकदाचा उजेड पडला. "भांडा बघू जरा."

"असं ठरवून कसं भांडणार?"

"रोज कसं भांडता?"

"रोज आपोआप होतं."

काकांनी घसा खाकरला. "तू... मीठ जरा जास्त घालतेस."

"बरं," काकू म्हणाल्या.

दिवे ढिम्म. वायरमननं कपाळाला हात लावला. "काकू, आमची आई भाजीवाल्याला यापेक्षा कडक बोलते, आणि तो तिचा लाडका आहे. मनापासून करा की जरा."

"नकाशा उलटा धरणाऱ्या माणसाशी काय मनापासून बोलायचं?"

"उलटा कुठं होता? तू मध्येच बोललीस म्हणून वळण चुकलं."

"मी बोलले म्हणून तळ्यात गेलो नाही."

"दुकान विकल्यापासून एक शब्द धड बोलली असशील तर शपथ."

"मला विचारून विकलंत?" आणि काकूंचा पाय ओट्यासमोरच्या फळीवर दाणकन आपटला.

सगळं गेलं. दिवे, पंखा, फ्रिज. बाहेर दिवस मावळला होता, आत डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नव्हतं. आणि दिव्यांबरोबर भांडणही गेलं.

"टॉर्च," काकू म्हणाल्या.

"थांब, स्टूल आडवं आहे, गुडघ्याला लागेल तुझ्या."

एकाच ड्रॉवरमध्ये दोन हात चाचपडायला लागले.

"जागचे हलू नका कुणी," वायरमन म्हणाला. त्याला लॉटरी लागली होती. त्यानं मोबाइलच्या उजेडात फळी उचकटली. खाली अर्थिंगची जाड वायर गाडीच्या सांगाड्याला जिथं आवळलेली होती, तिथला बोल्ट गंजून सैल झाला होता. वर पाय आपटला की वायर सुटायची. जरा वेळानं कुणी चाललं की परत टेकायची. त्यानं गंज खरवडला, नवा बोल्ट घातला, पान्यानं घाम निघेपर्यंत आवळला आणि फळी बसवून तिच्यावर उड्या मारल्या. काकूंनाही मारायला लावल्या. दिव्यांनी पापणी लववली नाही.

"आता खुशाल भांडा. छप्पर उडालं तरी दिवा जायचा नाही. माझी गॅरंटी."

बाहेर येऊन तो स्कूटरला अवजारांची पिशवी बांधत होता तोवर आत सुरू झालं. आधी नकाशा. मग दुकान. फळीवर पाय आपटला, खिडकी तशीच पिवळी. वायरमननं कॉलर ताठ केली. परत आपटला, खिडकी तशीच. आता थांबवायला काहीच नव्हतं. दुकानावरून गाडी लग्नावर आली, लग्नावरून लग्नाच्या बोलणीवर. काकांचा आवाज चिरकला. काकूंचा खाली आला, आणि तो जास्त वाईट होता.

"ही मी निघाले," काकू म्हणाल्या. बॅग फळीवरून घासत दाराकडे आली.

खट्ट.

खिडकी काळी झाली.

पाना घेऊन वायरमन तसाच पायरीपर्यंत धावला, दार ठोठावायला हात वर केला, आणि तिथंच थबकला. मेन बटणाचा तो आवाज त्यानं स्वतःच्या हातानं बसवला होता.

आत चिडीचूप.

"गेले वाटतं परत," काका म्हणाले.

मग बॅग खाली टेकली. ड्रॉवर उघडला.

"स्टूल आडवं आहे."

"माहितीये."

टॉर्च काही लागला नाही.

"त्या वायरमनला आता बोलावू नका हं," काकू म्हणाल्या. "त्याला काही येत नाही."

वायरमननं वर केलेला हात खाली घेतला. पाना वाजू नये म्हणून छातीशी धरला, आणि स्कूटर सुरू न करता ढकलतच रस्त्यापर्यंत नेली.