लाल ठिपका

ठिबक सिंचनाचं प्रदर्शन बघायला जातो असं घरी सांगून कल्याण आपल्या दोस्ताबरोबर, कानिफनाथबरोबर, तीन दिवस गायब होता. परत पाथर्डीला आला, तर बायको ओसरीवर मोबाईल तांब्याला टेकवून, डाळीच्या वाटीतल्या पाण्यात ब्रश बुचकळत बसलेली. सुरेखाला हा जलरंगांचा नाद नवाच लागला होता.

कल्याणनं सहज वाकून बघितलं. कागदावर समुद्र! ओली वाळू, फेसाळलेलं पाणी आणि पाण्याच्या कडेला दोन ठिपके. एक लाल, एक पिवळा.

"व्हिडिओतल्या बाई म्हनत्यात, नाक-डोळे काढत बसायचं न्हाई," सुरेखा कौतुकानं म्हणाली. "नुसता ठिपका टाकायचा. बघनाऱ्याला बरोबर कळतं."

बघणाऱ्याला अगदी बरोबर कळलं होतं. हिला फोटो पाठवला कुणी, एवढाच प्रश्न होता. कल्याणनं दोन्ही हात जोडले.

"सुरेखा, देवाशपथ सांगतो, अलिबागचं खूळ कानिफनाथचंच. ही लाल बर्मुडाबी त्याचीच, मी नुसती घातली हुती. आन् बिअरचं नाव आधी ह्या पिवळ्यानंच काढलं!"

सुरेखानं ब्रश वाटीत ठेवला. एकदा चित्राकडं बघितलं, एकदा नवऱ्याकडं.



"लाल ती छत्री हाय. पिवळं कुत्रं हाय. आता सांगा पहिल्यापासनं."