तल्लफेची इर्जिक

एकमेकांचं शेत नांगरून द्यायच्या इर्जिकीला आपापले नांगर घेऊन यावं, तशी सगळी वाडी मनगटाला पट्टे बांधून आली. आरोग्य उपकेंद्रातल्या यंत्रानं त्या पट्ट्यांतून संपतची दारूची तल्लफ सगळ्यांत दिवसभरापुरती वाटून दिली. अट एकच होती. कुणी एक घोट जरी घेतला, तरी सगळी तल्लफ संपतकडे परत.

दुपारी संपत काठी घेऊन गुत्त्याच्या दारात उभा होता.

"आबा, तुम्ही तर माळकरी!"

"नुसता वास घेतो रे!"

"घरी जा!"

तेवढ्यात पदर खोचून त्याची बायको कौसल्या आली.

"बरं झालं आलीस. आवर यांना."

"सरका बाजूला," ती म्हणाली. मग आतल्या बाटल्यांकडे बघत थबकली. "रोज असंच होतं तुम्हाला?"

"रोज!" संपत वैतागला. "आणि तू म्हणायचीस, नुसतं मनावर घ्या!"

कौसल्या वाट अडवून उंबऱ्यातच बसली.